पक्षाघातानंतर हात पुन्हा कामाला लावताना

आमच्या इंदुरात कोणाला लकवा मारला की घरची मंडळी त्याच्या हातात रबरी चेंडू देतात आणि तो दाबत बसायला सांगतात. माझ्या आईच्या बाबतीत आम्हीही तेच केले. परंतु मूठ मिटणे बहुधा आधी जमू लागते आणि बोटे उघडून धरलेली वस्तू सोडणे उशिरा, फार कष्टाने येते. म्हणून सराव आखताना पकडण्याइतकेच सोडण्यालाही महत्त्व द्यावे.

बोटे एकेकटी हलवण्याचे काम मुख्यतः मेंदूच्या पृष्ठभागावरून मज्जारज्जूत उतरणाऱ्या तंतूंवर अवलंबून असते. लॉरेन्स आणि कायपर्स या संशोधकांनी १९६८ मध्ये माकडांमधले हे तंतू छेदल्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ती माकडे पुन्हा चढू-धावू लागली, पण बोटे स्वतंत्रपणे हलवणे त्यांना जमले नाही. चढताना गज सहज सोडणाऱ्या त्याच हाताला उचललेला खाऊ मात्र सोडवत नसे.

रुग्णाला पाठ टेकेल अशा खुर्चीत, पाय जमिनीला टेकवून बसवावे आणि कोपर टेबलावर ठेवावे. प्रथम वाटी किंवा लिंबू उचलून दुसऱ्या ताटात सोडायला सांगावे, ते जमल्यावर मटाराच्या शेंगांकडे आणि मग कापसाकडे वळावे. आईला वाती वळण्याची आयुष्यभराची सवय होती, त्यामुळे तिचा अंगठा तर्जनीवर घासण्याची हालचाल तिच्या मनाला ठाऊक होती. तरीही सुरुवातीला कापूस बोटांना चिकटून राही आणि तो झटकून टाकायलाच तिला मिनिटभर लागे. हे मिनिट तिला द्यावे लागते. आपण पुढे होऊन कापूस काढला, तर नेमका हवा तो प्रयत्न आपण हिरावून घेतो.

बरा हात सगळी कामे उरकतो आणि दुखावलेला हात न वापरण्याची सवय जडते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांनी दाखवले. ही सवय मोडण्याच्या त्यांच्या पद्धतीची २२२ रुग्णांवरील चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्यांच्या बऱ्या हातावर दोन आठवडे, जागेपणाच्या बहुतेक वेळात, जाड मोजा चढवला होता आणि सोबत कसून सराव घेतला होता. त्यांचा हात नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारला. मनगट व बोटे थोडी तरी वर उचलता येणाऱ्यांसाठीच ही पद्धत आहे. अगदी पहिल्या दिवसांत ती जोरात राबवू नये. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत लवकर आणि जास्त सराव घेतलेला गट मागे पडला होता. फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय मोजा घालू नये, आणि जिन्यावर किंवा शेगडीपाशी तो कधीच नको.

उठवताना दुबळा हात ओढू नये, कारण सैल पडलेला खांदा त्याने निखळू शकतो. आधार पाठीला आणि कमरेला द्यावा. स्पर्श बोथट झालेला असेल, तर पोह्यांची गरम बशी हातात देण्यापूर्वी ती स्वतःच्या मनगटाला लावून पाहावी.