जस्ती पत्रा, पीव्हीसी पाइप आणि फोटॉन

प्रकाशविद्युत परिणाम, म्हणजे प्रकाश पडल्यावर धातूतून इलेक्ट्रॉन बाहेर पडणे, शिकवताना सूत्र फळ्यावर येते आणि प्रयोग मात्र राहून जातो. वास्तविक त्याचे बहुतेक सामान खानदेशातल्या घरात किंवा केळीच्या मळ्यात सापडते. प्रयोग मार्च ते मे या महिन्यांत करावा, कारण ज्या कोरड्या हवेने आपण हैराण होतो तीच विद्युतभार टिकवून धरते. एकदा जुलैमध्ये मी तो वर्गासमोर मांडला, तेव्हा दमट हवेत भार वाहून गेला आणि दिवा लावण्यापूर्वीच भाराने फाकलेल्या वर्खाच्या पट्ट्या मिटल्या. हे मुलांच्या ध्यानात माझ्याआधी आले.

काचेची कोरडी बरणी घेऊन तिच्या प्लॅस्टिकच्या झाकणातून जाड तांब्याची तार आत सोडावी. तारेच्या खालच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या पातळ वर्खाच्या दोन अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी लटकवाव्यात आणि वरच्या टोकाला साधारण तळहाताएवढा जस्ती पत्रा डाग देऊन जोडावा. पत्र्याचे कोपरे गोल करावेत, कारण टोकदार कोपऱ्यांतून भार निसटतो. प्रयोगाच्या अगदी आधी पत्रा पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासून चकचकीत करावा. जस्तावरचा ऑक्साइडचा थर इलेक्ट्रॉनांना अडवतो, आणि प्रयोग फसण्याचे सर्वांत नेहमीचे कारण हेच असते. फार जोराने घासल्यास जस्तच निघून खालचे लोखंड उघडे पडते.

आता ठिबकच्या कामातून उरलेला पीव्हीसी पाइपचा तुकडा लोकरीच्या कापडावर घासून पत्र्यावरून फिरवावा. पत्र्याला ऋण भार मिळतो आणि पट्ट्या फाकतात. प्रथम त्यावर साधी बॅटरी किंवा मोठा बल्ब धरावा. पट्ट्या जागच्या हलत नाहीत. मग पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातली अतिनील नळी, तिच्या स्वतःच्या चोकसह, वीतभर अंतरावरून पत्र्याकडे रोखावी. काही सेकंदांत पट्ट्या मिटू लागतात. ही नळी डोळ्यांना आणि त्वचेला घातक असल्याने ती एका बाजूने उघड्या खोक्यातच बसवावी, उघडी बाजू कोणाकडेही वळवू नये, हात झाकावेत आणि चष्मा लावावा. नळी आणि पत्रा यांच्यामध्ये खिडकीची काच धरली की पट्ट्यांचे मिटणे थांबते, कारण साधी काच हा प्रकाश शोषून घेते.

आणखी एक पडताळणी टाळू नये. घासलेला पाइप पत्र्याजवळ धरून पत्र्याला क्षणभर बोट लावावे, आधी बोट आणि मग पाइप दूर करावा. पत्रा धनभारित होतो. आता तीच नळी लावली तरी पट्ट्या मिटत नाहीत, कारण बाहेर पडू पाहणारा इलेक्ट्रॉन धन भाराकडेच परत ओढला जातो. म्हणजे पहिल्या वेळी भार हवेतून गळाला नव्हता, पत्र्यातून ऋण कण निघून गेले होते.

याचे स्पष्टीकरण आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये दिले आणि 1921 चे नोबेल पारितोषिक त्यांना मुख्यतः त्यासाठीच मिळाले. प्रकाशाची ऊर्जा सुट्या पुडक्यांत येते, आणि असे एक पुडके, म्हणजे फोटॉन, आपली सगळी ऊर्जा एकाच इलेक्ट्रॉनला देतो. चिंचेच्या झाडावर पोतेभर वाळू मूठमूठ करून फेकली तरी चिंच पडत नाही, नेमका एक दगड पाडतो, तसेच हे. हिशेब वहीत करता येतो: 1240 ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागले की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्ट या ऊर्जेच्या छोट्या एककात मिळते. तांबड्या प्रकाशासाठी (650) ती 1.9, तर नळीच्या प्रकाशासाठी (254) 4.9 येते. जस्तातून इलेक्ट्रॉन सुटायला सुमारे 4.3 लागतात.

शेवटी पुन्हा ऋण भार देऊन बरणी भर दुपारी, वारा नसलेल्या कोपऱ्यात उन्हात ठेवावी. भुसावळच्या मे महिन्यातल्या उन्हातही पट्ट्या नळीसमोर मिटतात तशा मिटत नाहीत, कारण वातावरणातल्या ओझोनमुळे सुमारे 295 नॅनोमीटरपेक्षा आखूड प्रकाश जमिनीपर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही, आणि 1240 ला 295 ने भागले तर उत्तर 4.2 येते.