सेल्कीची प्रेमकथा सांगलीत घडवायची असेल तर

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आणि स्कॉटलंडच्या ऑर्कनी व शेटलंड बेटांवरील लोककथांत सेल्की समुद्रात सील या प्राण्याच्या रूपात वावरते आणि किनाऱ्यावर कातडे उतरवून माणूस होते. रूढ कथेत एखादा कोळी ते कातडे लपवतो, तिच्याशी लग्न करतो, मुले होतात, आणि छपरात दडवलेले कातडे हाती लागताच ती समुद्राकडे निघून जाते. या कथेवरून कादंबरी लिहिणाऱ्याने आधी कातडे कोणत्या प्रकरणात कोणाच्या ताब्यात आहे आणि ते कोणाला ठाऊक आहे, एवढे कागदावर मांडावे. ज्याने ते चोरले त्याच्याच प्रेमात नायिका पडली, तर वाचक त्याला प्रेम न म्हणता कैद म्हणेल.

म्हणून चोरी नायकाकडे देऊ नये. बोटीवर नोकरी केलेल्या त्याच्या आजोबांनी ते कातडे सांगलीला आणले आणि आज सेल्कीची मुलगी आईचे कातडे शोधत येथे आली, अशी मांडणी अधिक टिकते. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील कॉनेमारा भागातले कॉनीली घराणे सीलचे वंशज मानले जाते, त्यामुळे अर्धमानवी नायिकेला लोककथेतच आधार मिळतो. कातडे मुलीच्या अंगाला बसते की नाही, हा नियम मात्र सुरुवातीलाच ठरवावा आणि पुढे मोडू नये.

कातडे लपवण्याची जागा सांगलीजवळच्या हरिपुरात तयारच आहे. पूर्वी हळद साठवण्यासाठी वापरली जाणारी तेथील पेवे म्हणजे जमिनीत खोदलेली, अरुंद तोंडाची आणि आत रुंद होत जाणारी कोठारे. तोंड बंद केले की आत हवा खेळत नाही, म्हणून हळदीला कीड लागत नाही. उघडल्याबरोबर आत उतरणे जिवावर बेतू शकते. हा प्रसंग घाईने उरकू नये: नायकाने तोंड उघडून वाट पाहावी, दोरीने कंदील सोडावा, ज्योत टिकते का ते पाहावे, आणि वर उभ्या असलेल्या नायिकेला पोत्यांच्या वासातून खारट, तेलकट वास आधी जाणवावा. कडांना हळदीचा पिवळा डाग पडलेले ते राखाडी कातडे तो वर आणतो तेव्हा आजोबांची चोरी त्याला कळते. येथून पुढे तो काय करतो, यावर सारी प्रेमकथा उभी राहते. काळ 2005 च्या पावसाळ्याचा घेतल्यास कृष्णेचा पूर शोधाला मुदत घालून देतो.

कृष्णेत सील सोडण्याचा मोह मात्र टाळावा. येथे मगरी आहेत, हे सांगलीतले शाळकरी पोरही जाणते.

शेवटी नायिका समुद्राकडे गेलीच पाहिजे, असे माझे मत आहे. पण प्रणयकथेच्या वाचकाला भेट हवी असते. राखाडी सील आयर्लंडमध्ये शरद ऋतूत पिलांसाठी किनाऱ्यावर येतात, त्याचा उपयोग करून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कॉनेमारात भेट घडवता येईल. नायकाच्या व्हिसाचा आणि विमानभाड्याचा प्रश्न एका वाक्यात मिटवावा.