ठासणीच्या बंदुकीत कोणती दारू चालते, कोणती नाही: बार भरण्याआधी काय पाहावं

पीक संरक्षणाच्या परवान्यावर ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू-गोळी भरायची, बंदूक बाळगणाऱ्या सोलापूरकडच्या शेतकऱ्यांसाठी हे लिहितो आहे. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये अशा बंदुकीची वेगळी तरतूद आहे. अलीकडे मोबाईलवर अमेरिकेतल्या नव्या धाटणीच्या ठासणीच्या रायफली सगळेच बघतात. नळीत दारूच्या तयार वड्या आणि गोळी टाकली, गज मारला की बार तयार. ते पाहून ‘आपल्यात काय हरकत आहे?’ असा प्रश्न येतो. हरकत आहे, आणि ती दारूच्या जातीची आहे.

पहिलं काम म्हणजे डबा वाचणं. दारू तळहातावर घेऊन ती ओळखता येत नाही. काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक. तिचे दाणे काळे, कोनेदार, वेडेवाकडे असतात. काडतुसात असते ती धूररहित दारू नायट्रोसेल्युलोजची. तिचे दाणे बहुधा बारीक नळकांडी किंवा चपट्या टिकल्यांसारखे, ग्रॅफाइटने चकचकीत झालेले असतात. पण तिचा रंगही करडा-काळाच असतो आणि काळ्या दारूऐवजी वापरायची काही पर्यायी दारू दिसायला तिच्या अगदी जवळ जाते. म्हणून मूळ डबा नसलेली, कुणी पुडीत बांधून दिलेली दारू बंदुकीत घालायचीच नाही. काडतूस फोडून काढलेली तर मुळीच नाही.

इथे जरा थांबून कारण समजून घ्या. काळी दारू जळते त्या वेगावर नळीतल्या दाबाचा फारसा परिणाम होत नाही. धूररहित दारूचं तसं नाही. दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते, त्याने दाब आणखी वाढतो, आणि हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत घडतं. काळ्या दारूचं माप धरून ती भरली तर नळी फुटते किंवा मागची बूच उडून भरणाऱ्याच्याच तोंडावर येते. नवी रायफल चांगल्या पोलादाची आहे, तेव्हा सोसेल, हा समज सगळ्यात घातक. बहुतेक नव्या ठासणीच्या रायफलीही काळी दारू आणि तिचे पर्याय यांच्यासाठीच बनवलेल्या असतात आणि तसं त्यांच्या नळीवर कोरलेलंही असतं. सॅव्हेज कंपनीची १० एमएल यांसारखी मोजकी मॉडेलं धूररहित दारूसाठी खास घडवली गेली. तो अपवाद, आणि त्यातही कंपनीने नाव घेऊन सांगितलेलीच दारू चालते.

सोलापूरकरांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर उडते ती शोभेची दारू बंदुकीसाठी नाही. आवाजाच्या आणि रंगाच्या फटाक्यांतली मिश्रणं वेगळी असतात, काही नुसत्या घासण्यानेही पेटतात. फटाके सोलून दारू काढणं किंवा घरी दारू कुटणं म्हणजे मरण ओढवून घेणं. १ जानेवारी २०२३ ला बार्शी तालुक्यात पांगरीजवळ फटाक्यांच्या कारखान्यात झालेला स्फोट जिल्हा विसरलेला नाही. दारू परवानाधारक विक्रेत्याकडूनच, परवान्यावर लिहिलेल्या मर्यादेत घ्यायची.

परदेशी पर्यायांविषयी थोडक्यात. पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न २०९ ही नावं व्हिडिओंत येतात. यांतली कोणतीही डोळे झाकून काळ्या दारूच्या जागी घालता येत नाही. ट्रिपल सेव्हन तेवढ्याच आकारमानात काळ्या दारूपेक्षा जोरकस असते; काळ्या दारूइतकाच जोर हवा असेल तर साधारण १५ टक्के कमी घ्यावी लागते. ब्लॅकहॉर्नला २०९ क्रमांकाचा, म्हणजे शॉटगनच्या काडतुसाचा जोरदार प्रायमर (दारू पेटवणारा भाग) लागतो. चाप ओढल्यावर छोट्या टोपीच्या ठिणगीने दारू पेटवणाऱ्या जुन्या बंदुकीचं ते कामच नव्हे. आणि दोन जातींची दारू एकत्र करायची नाही, चिमूटभरसुद्धा.

आता मोजणं. माप ‘ग्रेन’ या वजनाच्या बारीक एककात सांगतात, पण तो आकडा मापट्यातला, म्हणजे आकारमानाचा असतो, तराजूवरचा नव्हे. पायरोडेक्स काळ्या दारूपेक्षा हलकी. ती वजनाने १०० ग्रेन घेतली तर नळीत प्रत्यक्षात बरीच जास्त दारू जाते. मापटं पितळी असावं. दारू आधी मापट्यात, मग मापट्यातून नळीत. डब्यातून किंवा शिंगातून थेट ओतू नका. आधीच्या बाराची ठिणगी आत राहिली असेल तर अख्खा डबाच हातात पेटेल. बिडी, शेगडी, चूल जवळ नको.

गोळी दारूवर घट्ट टेकलीच पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फुटते. यासाठी गजावर दोन खुणा करा: नळी रिकामी असताना गज तोंडाशी जिथे येतो तिथे एक, आणि ठरलेला बार नीट भरल्यावर येतो तिथे दुसरी. पुढच्या वेळी दुसरी खूण तोंडाच्या वर राहिली तर गोळी अडकली आहे किंवा एकावर एक दोन बार भरले गेले आहेत. चापाला हात लावू नका. गज मारताना तोंड नळीच्या रेषेत नको, आणि टोपी सगळ्यात शेवटी.

टोपी वाजली पण बार उडाला नाही, तर नळी मोकळ्या रानाकडे रोखून निदान मिनिटभर तशीच धरा. दारू आत धुमसत असू शकते. तोंडाशी डोकावू नका.

बंदूक आहे म्हणून डुकरावर किंवा काळविटावर बार टाकायला मोकळीक मिळत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू आहे, वनखात्याची परवानगी लागते, आणि नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर विनापरवानगी शस्त्र घेऊन जाणंच गुन्हा आहे.

उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा दारू पत्र्याच्या शेडमध्ये किंवा गाडीत ठेवू नका. थंड, कोरड्या जागी, कुलपात, टोप्यांपासून वेगळी. बार झाल्यावर त्याच दिवशी नळी गरम साबणाच्या पाण्याने धुवा. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते आणि पोलाद खाते. नळी आतून खड्डे पडून कमजोर झाली की योग्य मापाचा बारही तिला जड जातो. कोरडं फडकं फिरवून तेलाचा हात द्या, आणि पुढच्या वेळी भरण्याआधी ते तेल पुसून घ्या, नाहीतर दारू ओली होऊन बार उडणार नाही.