लांबच्या फेरीआधी ट्रॅक्टर-ट्रॉलीचा काटा करताय? एकूण वजनावर थांबू नका

काढणी उरकत आली की ट्रॉल्या रस्त्याला लागतात. शेतातून खळ्यापर्यंत माल आणायचा तर वजनाचं कुणी बघत नाही आणि खरं सांगायचं तर तेवढ्या अंतरात फारसं बिघडतही नाही, पण तीच ट्रॉली तशीच गच्च भरून चाळीस-पन्नास किलोमीटर डांबरी रस्त्याने न्यायची म्हटलं की सगळंच बदलतं, टायर तापतात, उतार लागतात, मागून मोठ्या गाड्या येतात, ब्रेक परत परत मारावा लागतो. म्हणून लांबची पहिली फेरी काढायच्या आधी ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही काट्यावर घ्या. आता तुम्ही म्हणाल काटा तर आम्ही दरवेळी करतो, भरलेली गाडी एवढी, रिकामी एवढी, माल एवढा. बरोबर, पण तो मालाचा हिशोब झाला. गाडीला काय झेपतंय हे त्या पावतीवरून कळत नाही, त्यासाठी कुठल्या चाकांवर किती वजन पडलंय ते बघावं लागतं.

'ओढतोय ना, मग चालतंय की' हे वाक्य सगळ्यात जास्त ऐकू येतं. अहो, लो गियरमध्ये ट्रॅक्टर काहीही ओढेल, ओढण्याचा प्रश्नच नाही, प्रश्न थांबवण्याचा आणि वळवण्याचा आहे. वजन दुप्पट झालं की ब्रेकला करावं लागणारं काम दुप्पट होतं, आणि वेग २० वरून ३० किमी केला तर तेच काम सव्वादोन पट होतं. दोन्ही एकदम केलं तर साडेचार पट. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर हा सगळा भार एकट्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येतो.

काट्यावर जाण्याआधी आकडे गोळा करून ठेवा. ट्रॅक्टरच्या पुस्तकात किंवा प्लेटवर पुढच्या एक्सलला किती, मागच्या एक्सलला किती आणि हूकवर उभा भार किती चालतो ते लिहिलेलं असतं. ट्रॉलीच्या प्लेटवर तिचं एकूण वजन असतं, टायरवर त्याची क्षमता असते. यातला जो सगळ्यात कमकुवत आकडा, तो तुमचा आकडा. प्लेट गंजून गेली असेल किंवा ट्रॉली गावच्या वेल्डरने बांधून दिलेली असेल आणि प्लेटच नसेल तर निदान टायरचा आणि हूकचा आकडा तरी हातात पाहिजे, त्याच्या वर जायचं नाही.

आता काटा. ट्रॉली भरलेली आणि जोडलेली असताना आधी फक्त ट्रॅक्टरची पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घ्यायची, आकडा लिहायचा. मग थोडं पुढे, पूर्ण ट्रॅक्टर वर पण ट्रॉलीची चाकं अजून बाहेर, आकडा लिहायचा. मग सगळं वर. शेवटी ट्रॉली बाजूला सोडून एकटा ट्रॅक्टर, त्यातही आधी पुढची चाकं आणि मग पूर्ण. प्लॅटफॉर्म लहान असेल आणि सगळं एकदम मावत नसेल तर ट्रॅक्टर पलीकडे उतरवून फक्त ट्रॉलीची चाकं वर ठेवा आणि बेरीज करा. काटेवाला थोडा वैतागेल, मागे रांग असेल तर जास्तच, म्हणून गर्दी नसलेली वेळ बघून जा आणि काय करायचंय ते त्याला आधीच सांगा.

एक उदाहरण घेऊन बघू, दोन चाकी ट्रॉलीचं. एकटा ट्रॅक्टर २२०० किलो, त्यातले पुढच्या चाकांवर ८५०. ट्रॉली जोडल्यावर पूर्ण ट्रॅक्टर २७०० आणि पुढची चाकं ७००. सगळं मिळून ७२००. म्हणजे ट्रॉली मालासकट ५००० किलो, त्यातले ४५०० तिच्या चाकांवर आणि ५०० हूकवर. इथपर्यंत सोपं आहे. पण मागच्या चाकांचं बघा, आधी १३५० होते आता २०००, म्हणजे हूकवर ५०० टाकले आणि मागच्या चाकांवर ६५० वाढले. वरचे १५० कुठून आले? पुढच्या चाकांवरून. हूक मागच्या एक्सलच्याही मागे असतो, त्यामुळे तो जेवढा दाबला जातो तेवढं ट्रॅक्टरचं तोंड वर उचललं जातं. साधी तरफ आहे.

तोंड किती हलकं झालेलं चालतं? साधारण धरायचा नियम असा की मोकळ्या ट्रॅक्टरचं जे वजन आहे त्याच्या किमान २० टक्के तरी पुढच्या चाकांवर राहिलं पाहिजे, नाहीतर स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जातो. आपल्या उदाहरणात २२०० चे २० टक्के म्हणजे ४४० आणि आहेत ७००, म्हणजे ठीक. आता तीच ट्रॉली, तेवढाच माल, पण माल पुढच्या फाळक्याला टेकवून भरलाय आणि हूकवर ५०० ऐवजी १५०० आलेत असं समजा. पुढच्या चाकांवर राहिले फक्त ४००, मागच्यांवर गेले ३३००. एकूण काटा मात्र तोच, ७२००! नुसत्या एकूण वजनाच्या पावतीवर या दोन गाड्या सारख्याच दिसतील, आणि यातली दुसरी चढावर तोंड उचलणार.

मालाची जागा किती फरक पाडते त्याचा अंदाज असा. हूकपासून ट्रॉलीच्या एक्सलपर्यंतचं अंतर मोजा. समजा ४ मीटर आहे. २००० किलो माल अर्धा मीटर पुढे सरकवला तर २००० गुणिले अर्धा भागिले ४, म्हणजे २५० किलो एक्सलवरून हूकवर आले. मागे सरकवला तर तेवढेच हूकवरून कमी झाले. काट्याची पावती आणि हे गणित, एवढ्यावर घरीच ठरवता येतं की माल कुठे आणि किती सरकवायचा, परत परत काट्यावर जायची गरज नाही.

आणि माल मागे जास्त गेला तर? ते पुढे जास्त असण्यापेक्षा वाईट, असं माझं मत आहे. हूक वर उचलला जातो, पिन खडखडते, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि वेग घेतला की ट्रॉली डावी-उजवीकडे झोलायला लागते. दोन-तीन ठिकाणी माल उतरवायचा असेल तेव्हा हे हमखास होतं, कारण पहिल्या ठिकाणी हाताशी येईल तिथलं पुढचंच उतरवतात आणि मागचं तसंच राहतं. तशा अवस्थेत पिन काढली तर दांडी वर उडते आणि ट्रॉली मागे बसते, समोर उभा असलेल्या माणसाला सांभाळायला वेळ मिळत नाही. त्यामुळे आधी मागचं उतरवा किंवा एक्सलच्या दोन्ही बाजूंनी सारखं उतरवत जा.

चार चाकी, टर्नटेबलवाल्या (म्हणजे पुढचा एक्सल दांडीबरोबर वळतो अशा) ट्रॉलीचं वेगळं आहे. तिचं वजन तिच्याच दोन एक्सलवर असतं, हूकवर फक्त दांडीचं काय असेल ते. ट्रॅक्टरचं तोंड उचलायची भीती नाही, पण मागच्या चाकांना दाबही मिळत नाही, म्हणजे उतारावर हलका ट्रॅक्टर पुढे आणि त्याला ढकलणारी जड ट्रॉली मागे. अशा जोडीत ट्रॉलीचं वजन ट्रॅक्टरच्या मानाने किती ते बघायचं आणि ट्रॉलीला ब्रेक असलेच पाहिजेत, चालू असलेले.

काटा चुकायची कारणंही असतात. अर्धी गाडी वर आणि अर्धी खाली असताना प्लॅटफॉर्म आणि रस्ता एका पातळीत पाहिजेत, चढ असेल तर वजन एका एक्सलवरून दुसऱ्यावर ढळतं आणि आकडा खोटा येतो. ब्रेक दाबून उभं राहिलं की गाडी आवळलेली राहते, म्हणून हळू घ्यायचं, थांबायचं, जागा सपाट असेल तर न्यूट्रल करून ब्रेक सोडायचा आणि आकडा स्थिर झाल्यावर लिहायचा. ड्रायव्हर बसलेला तर प्रत्येक वेळी बसलेला, उतरला तर प्रत्येक वेळी उतरलेला. डिझेलही बघा, लिटरला साधारण ८३० ग्रॅम, म्हणजे ६० लिटरची टाकी भरली की ५० किलो. चिखलातून थेट काट्यावर आलात तर चाकांचा आणि ट्रॉलीच्या तळाचा चिखलही मोजला जाणार.

मालाचं वजन नजरेने ठरवू नका. भरड धान्य, चारा, ओली माती, पाण्याची टाकी, सगळ्यांची उंची ट्रॉलीत सारखी दिसली तरी वजनात जमीन-अस्मानाचा फरक. गहू एक घनमीटरला साधारण ७७० किलो, पाणी १०००, ओली माती त्याच्याही दीडपट-पावणेदोनपट. रात्री पाऊस झाला आणि पेंढ्या उघड्या राहिल्या तर कालचा काटा आज कामाचा नाही, भिजलेला चारा मोजायचा तर परत काट्यावरच. आणि टाकीतलं पाणी अर्धवट असेल तर ते ब्रेक मारला की पुढे धावतं, वळणावर बाजूला, म्हणून रस्त्यावर टाकी एकतर पूर्ण भरलेली नाहीतर पूर्ण रिकामी.

टायरवर लोड इंडेक्स नावाचा आकडा असतो. १४१ असेल तर एका टायरला २५७५ किलो, १३० असेल तर १९००. त्याच्या शेजारी वेगाचं चिन्ह असतं, ए८ म्हणजे ताशी ४० किमी. ही क्षमता सांगितलेली हवा भरलेली असेल तरच, आणि हवा टायर थंड असताना तपासायची. वरच्या उदाहरणात ट्रॉलीच्या दोन चाकांवर ४५०० किलो, म्हणजे एकेकावर २२५०, १४१ चा टायर असेल तर बसतंय. पण माल डावीकडे कलला आणि ५५-४५ असं झालं तर डाव्या टायरवर २४७५, फक्त शंभर किलो शिल्लक. तेवढं एखाद्या खड्ड्यात संपतं. काटेवाल्याने जागा दिली आणि बाजूची जमीन सपाट असली तर एकाच बाजूची चाकं प्लॅटफॉर्मवर घेऊन हेही बघता येतं, पण वजनदार माल उंच रचला असेल तर हा प्रकार करू नका.

पिकअप किंवा जीपमागे छोटा ट्रेलर लावणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे वेग जास्त असतो म्हणून हूकवरचा भार महत्त्वाचा, ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के धरतात, पण हिचवर (गाडीच्या मागच्या जोडणीवर) आणि गाडीच्या पुस्तकात जी मर्यादा लिहिली असेल ती आधी. हा भार घरीही मोजता येतो. एक जाड फळी घ्या, एका टोकाखाली वीट आणि ३ फुटांवर दुसऱ्या टोकाखाली माणसं तोलायचा साधा काटा. विटेपासून १ फुटावर ट्रेलरची दांडी टेकवा, जो आकडा येईल त्याला तीनने गुणा, आणि नुसत्या फळीने आधी किती दाखवलं ते गुणण्याआधी वजा करा. ट्रेलर सपाट, दांडी जोडताना असते त्याच उंचीवर, आणि चाकांना पुढून-मागून दगड लावलेले. पाय खाली घालू नका.

जास्त भरलंय असं दिसलं तर काय करायचं? पहिला मोह होतो पुढे वजनाच्या प्लेटा लटकवायचा. तोंड हलकं असेल तर त्याचा उपयोग आहेच, पण मागचा एक्सल किंवा ट्रॉलीचे टायर ओव्हरलोड असतील तर प्लेटा लावून काही होत नाही, उलट एकूण वजन वाढतं. टायरमध्ये जास्त हवा मारणं हाही उपाय नाही. माल सरकवा, नाही जमलं तर कमी करा, दोन फेऱ्या करा. शेतकामासाठी मागच्या चाकांना लावलेली लोखंडी वजनं रस्त्याच्या फेरीत बहुतेक वेळा कामाची नसतात, ती आणि मागे लटकवलेलं अवजार काढून ठेवलं तर तेवढं मालाला मोकळं होतं.

निघताना ट्रॅक्टरचे डाव्या-उजव्या चाकाचे दोन्ही ब्रेक पॅडल एकमेकांना लॉक करा, पिनला क्लिप आणि वरून सेफ्टी चेन लावा, आणि मडगार्डवर किंवा दांडीवर माणूस बसवू नका, त्याचं वजन पावतीतही नाही. दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून प्रत्येक हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, हाताची मागची बाजू न्या, एकच हब बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर बेअरिंग नाहीतर चिकटलेला ब्रेक, तिथेच बघून घ्या. चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर नट पन्नासेक किलोमीटरच्या आत परत आवळा. पावतीच्या मागे कुठला माल, ओला की सुका, फाळक्याच्या किती खाली भरलेला ते लिहून ठेवा आणि त्या उंचीला ट्रॉलीच्या आतून ऑइलपेंटची रेघ मारून घ्या, म्हणजे भरणाऱ्यांना कुठे थांबायचं ते ओरडून सांगावं लागत नाही.