वजनं उचलून आल्यावर ताटात काय वाढायचं? (चरबी उतरवायची असेल तर)

तासभर वजनं उचलली की ७० किलोच्या माणसाच्या साधारण दोनशे ते साडेतीनशे कॅलरी खर्च होतात. दोन सेटच्या मधे गप्पा रंगल्या तर दोनशेच धरा. जिमच्या बाहेर गाडीवर एक वडापाव आणि साखर घातलेला चहा घेतला की तो सगळा हिशोब तिथेच चुकता. म्हणून पहिली गोष्ट ही की व्यायामानंतरचं खाणं हे बक्षीस नाही आणि जास्तीचं जेवणही नाही. दिवसाच्या ठरलेल्या जेवणांपैकीच ते एक. चरबी उतरते ती दिवसभरात गरजेपेक्षा तीनशे ते पाचशे कॅलरी कमी खाल्ल्याने. या जेवणाचं काम वेगळं आहे: उतरणाऱ्या वजनाबरोबर स्नायूही झडू नयेत, एवढंच.

त्यासाठी लागतं प्रोटीन. दिवसाला शरीराच्या दर किलोमागे १.६ ते २.२ ग्रॅम, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ११० ते १५० ग्रॅम. वजन फारच जास्त असेल, समजा ११० किलो, तर आजच्या वजनावर नाही, गाठायच्या वजनावर हिशोब करा. हे चार-पाच खाण्यांत वाटलं की प्रत्येक वेळी २५ ते ३५ ग्रॅम येतं, आणि व्यायामानंतरच्या ताटातही तेवढंच हवं.

अर्ध्या तासात प्रोटीनचा शेक पोटात गेला नाही तर मेहनत पाण्यात, ही धास्ती सोडून द्या. व्यायामाच्या दोन तास आधी नीट जेवला असाल तर नंतर दोन-तीन तासांत खाल्लं तरी काही बिघडत नाही. स्नायूंची दुरुस्ती दिवसभर, दुसऱ्या दिवशीही चालू असते. सकाळी उपाशीपोटी व्यायाम करणाऱ्यांनी मात्र तासाभरात खावं.

ताट प्रोटीनपासून भरायला घ्या

आपल्याकडे आधी पोळी-भात वाढला जातो, मग भाजी, आणि उरलेल्या जागेत वाटीभर आमटी. हा क्रम उलटा करा. २५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन मिळवायला किती कॅलरी मोजाव्या लागतात, ते पाहा (फोडणीचं तेल वेगळं):

– व्हे प्रोटीनचा (दुधाच्या निवळीपासून केलेली पावडर) एक स्कूप, म्हणजे डब्यातला मापाचा चमचा: १२० कॅलरी
– कच्चं वजन १२० ग्रॅम चिकन ब्रेस्ट: १४०
– सुके सोया चंक्स ५० ग्रॅम: १७०
– दोन अख्खी अंडी आणि चार अंड्यांचा पांढरा भाग: २१५
– चार अख्खी अंडी: २९०
– तूर किंवा मूगडाळ, कच्ची १०० ग्रॅम, म्हणजे शिजून चारेक वाट्या: ३४५
– पनीर १४० ग्रॅम: चारशेच्या आसपास
– शेंगदाणे १०० ग्रॅम: ५६५

शाकाहारी माणूस नेमका या यादीच्या तळाला अडकतो. पनीर, दाणे, पीनट बटर यांत प्रोटीन आहे हे खरंच, पण त्याहून जास्त कॅलरी चरबीतून येतात. वजन वाढवायचं असेल तर दाण्याची चटणी बिनधास्त खा. उतरवायचं असेल तर चवीपुरती चमचाभर.

मासे खाणाऱ्यांचं तसं बरं आहे. बांगड्याचं साफ केलेलं दीडशे ग्रॅम मांस सहज पुरतं. घोळ होतो तो रवा लावून तळताना. तव्यावर चमचाभर तेलात भाजा, नाहीतर तिखलं करा.

वजन कच्चं की शिजलेलं, हे एकदा ठरवा आणि तेच पाळा. १०० ग्रॅम कच्चं चिकन शिजून सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम भरतं, तर ५० ग्रॅम तांदळाचा दीडशे ग्रॅमच्या जवळपास भात होतो. शिजलेलं मोजून कच्च्याचे आकडे लावले की चिकनमधलं प्रोटीन कमी मोजलं जातं आणि भाताच्या कॅलरी तिप्पट.

दोन स्वस्त गोष्टी, नीट केल्या तर

सोया चंक्सना नावं ठेवली जातात ती बहुतेक वेळा भिजवण्याच्या आळसामुळे. ५० ग्रॅम चंक्स उकळत्या मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा. पाणी काढा, गार पाण्यात घाला आणि मुठीत धरून घट्ट पिळा. पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळणं. पहिल्या पिळण्यात पिवळट, वासाचं पाणी निघतं. दुसऱ्यात ते जवळपास स्वच्छ दिसलं पाहिजे. पाणी आत राहिलं तर मसाला शिरत नाही आणि तुकडे रबरासारखे लागतात. मग एक चमचा तेलावर कांदा, आलं-लसूण, कांदा-लसूण मसाला, त्यावर चंक्स, पाण्याचा हबका आणि झाकण ठेवून सात-आठ मिनिटं. सवय नसेल तर पहिला आठवडा २५ ग्रॅमच घ्या, नाहीतर पोट फुगेल.

दुसरा चक्का. गाईच्या किंवा टोन्ड दुधाचं अर्धा किलो दही सुती फडक्यात बांधून चाळणीवर ठेवा, खाली पातेलं, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. बाहेर टांगला तर उन्हाळ्यात सकाळपर्यंत आंबट होतो. दोनशे ते अडीचशे ग्रॅम चक्का मिळेल, त्यात साधारण १५ ग्रॅम प्रोटीन. म्हशीच्या साईच्या दह्याचा चक्का श्रीखंडासाठी राखून ठेवा. यात किसलेली काकडी, जिरेपूड, मीठ, हिरवी मिरची घातली की भाकरीबरोबर भाजीची गरजही फारशी उरत नाही. खाली जमलेली निवळी भाकरीच्या पिठात किंवा कढीत घाला.

भाकरी, भात आणि पळी

भाकरी-भात पूर्ण तोडू नका. पुढच्या व्यायामाला जोर त्यातूनच येतो. एक मध्यम ज्वारीची भाकरी (६० ग्रॅम पीठ, सुमारे दोनशे कॅलरी) किंवा ५० ग्रॅम तांदळाचा भात पुरे. व्यायाम संपल्यासंपल्या साखर किंवा केळं खाऊन ‘भरपाई’ करायची गरज दिवसातून दोनदा कसून सराव करणाऱ्यांना असते, तुम्हाला नाही.

सगळ्यात जास्त कॅलरी जिथे लपतात ती जागा म्हणजे फोडणी. पाच मिलिलिटरचा चमचा ४० कॅलरींचा. घरातली पळी तीन-चार चमचे तेल घेते. रोज माणशी तीन चमचे तेल धरलं तर चौघांच्या घराला महिन्याला दोन लिटरच्या आत तेल लागायला हवं. तुमच्याकडे पाच लिटरचा डबा किती दिवसांत संपतो ते तपासा, बाकी काही मोजायच्या आधी.

सकाळी सहा-सातला व्यायाम असेल तर नाश्त्याला पोहेच असतात. प्लेटभर कांदेपोह्यांत, दाणे आणि तेल धरून, तीनशे-साडेतीनशे कॅलरी आणि प्रोटीन जेमतेम पाच-सहा ग्रॅम. पोहे ४० ग्रॅमवर आणा, दाणे वगळा, मूठभर मटार घाला आणि सोबत दोन अंडी व तीन पांढरे भाग यांची भुर्जी. अंडी चालत नसतील तर वर सांगितलेला दोनशे ग्रॅम चक्का. रात्री आठ-नऊला जिम करणाऱ्यांनी उशीर झाला म्हणून उपाशी झोपू नये. अकरा वाजता फरसाणाच्या डब्याला हात जातो तो तिथूनच. घट्ट मूगडाळ, सोयाचं सुकं आणि छोटी भाकरी, एवढं जेवून झोपा.

उपवासाच्या दिवशी साबुदाणा खिचडी हा सर्वात वाईट पर्याय: साबुदाण्यात प्रोटीन नसल्यातच जमा, वर तूप आणि दाण्याचं कूट. राजगिऱ्याची भाकरी, चक्का, दूध, थोडं पनीर यावर दिवस काढा, आणि शक्य असेल तर जड पायांचा व्यायाम दुसऱ्या दिवसावर ढकला.

व्हे घ्यायचंच असेल तर डब्यावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक बघा आणि ‘१०० ग्रॅममागे’ हा रकाना वाचा. तिथे प्रोटीन सत्तर-ऐंशी ग्रॅम हवं. पंधरा-वीस दिसलं तर तो वजन वाढवायचा गेनर आहे, दुकानदार काहीही म्हणो. दूध पचत नसेल तर आयसोलेट (दुधातली साखर जवळपास काढून टाकलेलं व्हे) घ्या. नाचणीचे लाडू, प्रोटीन बार, केळ्याचं शिकरण हे सगळं ‘पौष्टिक’ म्हणून खाल्लं जातं आणि हिशोबात धरलं जात नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रोटीन वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी इन्सुलिन घेत असाल तर व्यायामानंतर साखर खाली जाऊ शकते. औषध आणि जेवण यांची वेळ त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

नवीन व्यायामानंतर अंग दुखतं तेव्हा स्नायूंत पाणी साठतं आणि काटा किलोभर वर जातो. क्रिएटीन (ताकदीसाठी घेतली जाणारी पावडर) सुरू केल्यावरही तसंच. म्हणून एका दिवसाचं वजन पाहू नका. रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर वजन करा आणि आठवड्याची सरासरी काढा. आठवड्यातून एकदा बेंबीच्या रेषेत कंबर मोजा. आठवड्याला शरीराच्या वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरणं ठीक. दोन आठवडे दोन्ही आकडे हलले नाहीत, तर तेल आणि भाकरी-भातातून शे-दीडशे कॅलरी कमी करा; प्रोटीनला हात लावू नका. उलट वजन भराभर उतरतंय, पण बारवरची वजनं पेलवत नाहीत असं झालं, तर व्यायामाच्या दिवशी एक भाकरी परत वाढा.