इंग्रजी शब्दाचा प्रवास कसा शोधावा : ‘फलाट’चे उदाहरण

प्रथम मूळ शब्दाचे सर्व अर्थ टिपून घ्यावेत. फ्रेंचमधून आलेला ‘प्लॅटफॉर्म’ सोळाव्या शतकातील इंग्रजीत आराखडा किंवा नकाशा या अर्थानेही वापरला जाई. पुढे उंच ओटा, व्यासपीठ, पक्षाचा कार्यक्रम आणि संगणकप्रणालीचा पाया असे अर्थ त्याला चिकटले.

मग यांपैकी कोणता अर्थ आपल्याकडे उतरला, ते पाहावे. मुंबईत १८५३ साली रेल्वे सुरू झाली आणि पुढे या शब्दाचा केवळ स्थानकातील अर्थ ‘फलाट’ या रूपात रुजला, म्हणून दादरला ‘फलाट क्रमांक’ ऐकू येतो, पण ओटीटीला कोणी फलाट म्हणत नाही. तिथे ‘प्लॅटफॉर्म’च राहतो. एकच शब्द दोनदा आला, हे माझ्या मते या शोधातील सर्वांत मोलाचे निरीक्षण होय.

व्याकरणही तपासावे. ‘फलाटावर’, ‘फलाटाला’ अशी सामान्यरूपे सहज होत असतील, तर शब्द पुरता मराठी झाला आहे.

शेवटी इतर भाषांशी तुलना करावी : जपानीत स्थानकातील फलाटासाठी याच शब्दाचे ‘होमु’ एवढेच शेपूट उरले, तर जर्मनमध्ये ‘प्लाटफॉर्म’ असूनही स्थानकात ‘बानश्टाइग’ हा स्वतंत्र शब्द चालतो.