हाताने शिवलेला अंगरखा काखेत उसवत असेल तर : माझा अनुभव

कार्तिकातल्या आवळी भोजनाला शेतात नागपूरकर भोसल्यांच्या काळच्या वेशात जायचे ठरवून मी मांजरपाटाचा अंगरखा हाताने शिवला. परंतु गोवऱ्यांवर भाजायचे रोडगे (कणकेचे जाड गोळे) उलटण्यासाठी हात लांब केला की तो दोन्ही काखांत उसवे. दुहेरी टीप मारली, तेव्हा शिवणीऐवजी कापड विरले. छातीला २ इंच सैल केले, तरी फरक पडला नाही. तीन रात्री वाया गेल्या.

दोष मापाचा नव्हता, कापणीचा होता. सरळ बाही सरळ अंगाला जोडली की हात उचलायला काखेत कापडच उरत नाही. म्हणून तेथे चौकोनी तुकडा लागतो.

काखेपासून बाहीची खालची शिवण ४ इंच आणि बाजूची शिवणही ४ इंच उसवावी. त्याच कापडाचा, आधी धुऊन आटवलेला, ५ इंचांचा चौकोन उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापावा, म्हणजे काखेत तो तिरका बसतो आणि ताणला जातो. त्याचा एक कोपरा बाहीच्या उसवलेल्या टोकाशी, त्याच्या तिरपा समोरचा कोपरा बाजूच्या शिवणीच्या उसवलेल्या टोकाशी टाचावा. उरलेले दोन, बाही अंगाला मिळते तेथे, पुढे आणि मागे येतात. सगळीकडे अर्धा इंच आत सोडून आधी कच्चे टाके घालावेत, हात वर करून पाहावा आणि मगच पक्की उलटी टीप (दर टाक्याला सुई थोडी मागे घेऊन पुढे काढायची) मारावी, कोपऱ्यांवर मात्र दोनदा.

रोडगे संपेपर्यंत एकही टाका सुटला नाही. बाहीवरची राख तेवढी अजून धुवायची आहे.